भिंतीचा सामू

रोज सकाळी दात घासायच्या आधी खडू खुर्चीवर बसून जीभ बाहेर काढायची आणि आजी तिच्या जिभेवर कागदाची एक पिवळी पट्टी टेकवायची. पट्टी ओली झाली की दोघी खिडकीशी जायच्या. डबीवर छापलेल्या रंगांशी पट्टीचा रंग ताडून पाहायचा, आकडा ठरवायचा, पट्टी वाळली की वहीत डकवायची आणि खाली तारीख टाकायची. आकडा बहुतेक सातच. रंग कोवळ्या पानासारखा.

आजी म्हणजे बाई. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. नात सात वर्षांची. अंगानं काडी आणि रंगानं पांढुरकी, म्हणून बाईंनीच तिला खडू म्हणायला सुरुवात केली होती, आणि आता खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं.

"आजी, सात म्हणजे काय?"

"सात म्हणजे मधलं. आंबटाच्या बाजूला गेलं की आकडा उतरतो, चुन्या-साबणाच्या बाजूला गेलं की चढतो. या आकड्याला सामू म्हणायचं."

"मग माझी जीभ मधली का?"

"जिवंत आहेस म्हणून. रक्ताला तर सातच्या जरा वर, एका टिचभर जागेत, नेटानं राहावं लागतं. इकडेतिकडे भटकलं की संपलं."

"का?"

"का ते दात घासल्यावर."

खडू हसायची आणि हसता हसता तिला खोकला यायचा. दोन आखूड ठसके आणि एक लांब. मग पुन्हा दोन आखूड आणि एक लांब. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत थांबायच्या. लांब ठसक्यानंतर श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजायची.

खडूची आई ती दोन वर्षांची असताना गेली. बाप पुलांच्या कामावर, आज इथं तर उद्या तिथं, म्हणून पोर आजीकडेच वाढली. आता त्याला एका जागी नोकरी लागली होती, त्यानं दुसरं लग्न केलं होतं, घर घेतलं होतं. त्याचा फोन आला तो तिसऱ्यांदा दवाखाना झाल्यावर.

"आई, मी तीन आठवड्यांनी येतोय. तोवर खोकला गेला तर राहू दे तिला तुझ्याकडे. नाही गेला तर मी घेऊन जाणार. आमच्या घरात ओल नाही."

"माझ्या घरात कुठं आहे ओल?"

"मागच्या खोलीची भिंत बघ जरा. डॉक्टर बुरशी म्हणाले. मी म्हणत नाही."

बाईंना ते लागलं. बुरशी, आणि त्यांच्या घरात! बुरशीला आंबट आवडतं, चुना तिचा काळ, हा धडा त्यांनी चौतीस वेळा शिकवला होता. शाळेनं दिलेल्या या दोन खोल्यांना दर वर्षी न चुकता चुना लागत असे. मागच्या खोलीची पलीकडची भिंत एका बंद पडलेल्या चुनाभट्टीच्या कोठाराला लागून होती, म्हणजे चुना तिच्या पाठीशीही होता. अशा भिंतीवर कसली बुरशी?

पण डाग होता. खडूच्या पलंगाशेजारी, जमिनीपासून वीतभर वर. शिसपेन्सिलीची भुकटी बोटानं चोळावी तसा राखाडी, ताटाएवढा.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं.

रंगारी म्हातारा होता आणि त्याची जीभ त्याच्या कुंचल्यापेक्षा जोरात चालायची. दुपारी त्यानं बाईंना मागच्या खोलीत हाक मारली.

"बाई, आख्खी बादली एका भिंतीला गेली."

"पातळ केला असेल तुम्ही चुना."

"पातळ? कुंचला उभा राहतोय यात, सलाम ठोकतोय बघा! चाळीस वर्षं चुन्यात हात गेलेत माझे, नखांची काय दशा झालीये ती बघा. भिंत पितेय, बाई. कान लावा."

बाईंनी कान लावला. तापलेल्या मातीच्या कुंडीत पाणी घातलं की जसा बारीक सरसर आवाज येतो, तसा येत होता.

"जुन्या गिलाव्यात चुना मुरतोच," त्या म्हणाल्या. "त्यात नवल काय?"

"मुरतो की. पण मुरताना घुटके घेत नाही." रंगारी हसला, पण ओल्या भिंतीपासून तो हातभर लांब सरकला होता.

चौथ्या दिवशी डाग परत आला. जुन्यावरचा चुना पातळ होऊन खालचा डाग दिसावा, तसं ते नव्हतं. नव्या चुन्यावर, त्याच्या अंगावर तो उगवला होता. बाईंनी दुसरा हात मारून घेतला. डाग दोन दिवसांत आला. तिसरा हात त्यांनी स्वतः मारला, दाट, साय धरल्यासारखा. सकाळी उठून पाहतात तो डाग हजर, आणि आता परातीएवढा. जणू चुना म्हणजे त्याला आवतणच होतं.

त्याच सुमाराला खडू भिंतीला पाठ टेकून बसायला लागली. तिथंच चित्रं काढायची, तिथंच पाढे म्हणायची.

"उठ तिथून. गार भिंतीनं खोकला वाढतो."

"गार कुठाय? कोमट आहे. हात लावून बघ."

बाईंनी तळवा टेकवला. भिंत कोमट होती.

"चुना विरताना तापतो," त्या म्हणाल्या. "कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की—" आणि मधेच थांबल्या. हा चुना त्यांनी आठवड्यापूर्वी विरवला होता. तापायचा तेवढा तो बादलीतच तापून थंड झाला होता.

एका दुपारी बाईंना खडूच्या ओठांना पांढरं लागलेलं दिसलं. चुन्यानं तोंड भाजतं, डोळ्यात गेला तर डोळा जातो. त्यांनी तिचं तोंड पाण्यानं खळखळून धुतलं, टॉर्च लावून जीभ, गाल, टाळू सगळं पाहिलं. कुठं लाली नाही, फोड नाही.

"भिंत चाटलीस? लाज नाही वाटत? सात वर्षांची घोडी झालीस!"

"चाटली नाही. मोजली."

"काय मोजलं?"

"सामू." खडूनं मुठीतली पट्टी उघडून दाखवली. "तूच म्हणालीस ना, कोरड्या वस्तूचा सामू मोजता येत नाही, आधी ती ओली करावी लागते. मग मी केली ओली."

"पाण्यानं करायची, बाळा! जिभेनं नाही!"

"पाणी स्वयंपाकघरात होतं," खडू म्हणाली. "आणि जीभ इथंच होती."

बाईंना रागावता रागावता हसू आलं. असलं उत्तर वर्गात कुणी दिलं असतं तर त्यांनी शिक्षकांच्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं.

"किती वेळा मोजलीस?"

"रोज. पाच वेळा तरी. तिचा पण सातच येतो, आजी. माझ्यासारखा."

"चुन्याचा सात येणं शक्यच नाही. तुझी थुंकीच मोजली गेली त्यात." बाईंनी पट्टी फेकून दिली आणि पलंग समोरच्या भिंतीशी सरकवला.

त्या दिवसापासून खोकला उतरायला लागला. आधी लांब ठसका गेला, मग शिट्टी, आणि आठवडा संपता संपता आखूड ठसकेही गेले. बाईंनी मुलाला फोन करून ऐटीत सांगितलं, "तुझ्या डॉक्टरांना म्हणावं, चुना लावा सगळीकडे."

पण डाग जात नव्हता, आणि न सुटलेलं गणित बाईंना झोपू देत नसे. त्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीला बोलावून घेतलं. ती आता बुरशींचाच अभ्यास करायची आणि घरीदारी सगळे तिला बुरशीवाली म्हणायचे. ते तिला आवडायचं.

"बाई, नववीत तुम्ही मला प्रयोगशाळेबाहेर उभं केलं होतंत," ती आल्या आल्या म्हणाली. "आणि आज स्वतः बोलावताय."

"डब्यातल्या पावावर बुरशी वाढवून शेजारणीच्या दप्तरात ठेवली होतीस तू."

"तेच तर करतेय अजून. फक्त आता त्याचा पगार मिळतो."

भिंत पाहिल्यावर मात्र तिची मस्करी थांबली. तिनं पात्यानं डाग खरवडून चार नळ्यांत भरला आणि भिंग लावून पाहिला.

"बाई, चुना देणं बंद करा."

"चुन्यानं बुरशी मरते."

"साधी मरते. काही मात्र अशाच जागी राहतात, सोड्याच्या तळ्यांत वगैरे. त्यांचं सगळं तंत्रच वेगळं असतं." तिनं खडूला जवळ ओढलं, कारण खडू केव्हाची मान वर करून ऐकत होती. "समज, तुझ्या नावेला भोकं आहेत आणि बाहेर खारं पाणी. बुडायचं नसेल तर काय करशील?"

"उपसत राहीन."

"शाबास. ही बुरशी तेच करते. बाहेरचा क्षार आत घुसतो, हिच्या अंगातले पंप तो रात्रंदिवस बाहेर उपसतात. नावेच्या फळ्या, म्हणजे तिची पातळ कातडी, तीही वेगळ्या चरबीची करून घेते. आत एक खास साखर साठवते, अंग टिकवायला. एवढी सगळी धडपड कशासाठी? आतला सामू सातच्या आसपास राहावा म्हणून. बाहेर काहीही असो, आत सात. आणि गंमत म्हणजे एकदा याची सवय झाली की त्यांतल्या काहींना साधं पाणी सोसत नाही. चांगल्या जागी ठेवलं की मरतात."

"का?" खडूनं विचारलं.

"कारण उपसायला काही उरत नाही," बुरशीवाली म्हणाली. मग बाईंकडे वळली. "पण ओला चुना म्हणजे बाराच्या वर. एवढ्यात जगणारी मी तरी पाहिलेली नाही."

बाईंनी कपाटातून दर्शकाची जुनी बाटली काढली. फिनॉल्फ्थॅलीन. आम्लात आणि साध्या पाण्यात त्याला रंग नसतो, चुन्यावर पडलं की ते गडद गुलाबी होतं. हा प्रयोग पाहून दर वर्षी पोरं टाळ्या वाजवायची. त्यांनी ते फवाऱ्यात भरलं आणि भिंतीवर मारलं. खोलीत स्पिरिटचा वास पसरला. भिंत लाजल्यासारखी गुलाबी झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

डाग होता तिथं रंग आला नाही.

"चुना जुना झाला की हवेनं त्याचा जोर जातो," बुरशीवाली म्हणाली. "मग तो रंग देत नाही."

"हा हात कालचा आहे," बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळचा."

बुरशीवालीनं बिनरंगी जागेवर ओली पट्टी दाबली. हिरवी. सात. बोटभर बाजूला दाबली. जांभळी. बारा. तिनं चार ठिकाणी पुन्हा पुन्हा तेच केलं.

"हे पेशीच्या आत चालतं, बाई. एका पेशीच्या आत, जी डोळ्यांना दिसतही नाही." ती हळू आवाजात म्हणाली. "असं हातभर जागेत नाही. ही जागा भिंतीवर आहे असं वाटतच नाही. ही कशाच्या तरी आत आहे."

ती नळ्या घेऊन गेली. बाई रोज दुपारी, खडू अंगणात असताना, दर्शक मारायच्या आणि बिनरंगी जागेच्या कडेनं शिसपेन्सिलीची रेघ ओढायच्या. चुना बंद केला होता, पण भिंत अजून ओलीच होती. पहिल्या दिवशी जागा भोपळ्याच्या आकाराची होती. दुसऱ्या दिवशी वरच्या बाजूला ती आत दबली आणि मान झाली. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडे खांदे उतरले. पाचव्या दिवशी बाईंनी टेप लावली. टाचेपासून डोक्यापर्यंत एकशे सोळा सेंटिमीटर. मग त्या दाराच्या चौकटीशी गेल्या. तिथं दर वाढदिवसाला खडूची उंची मांडलेली होती. शेवटची खूण एकशे सोळावर होती.

योगायोग, बाई स्वतःशी म्हणाल्या. सात वर्षांच्या निम्म्या पोरी एवढ्याच असतात.

संध्याकाळी त्यांनी पट्ट्यांची वही उघडली. भिंतीच्या नादात हल्ली सकाळी आकडा खडूच ठरवून लिहायची, बाई नुसती मान हलवायच्या. आता त्यांनी पानं ओळीनं पाहिली. सात, सात, सात. मग आठ. आठ. मग निळसर नऊ. दहा. आजची पट्टी जांभळी होती आणि खाली खडूच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, अकरा.

पट्ट्या जुन्या झाल्या असतील. बाईंनी नवी डबी फोडली. स्वतःच्या जिभेवर पट्टी ठेवली, सात. आंबट सिरक्यात बुडवली, तीन.

"खडू, इकडे ये. जीभ दाखव."

"हो आजी."

अकरा. एवढ्या तीव्र क्षारानं जिभेची साल निघायला हवी. जीभ गुलाबी होती, निरोगी, ओलसर.

"हा आकडा का आला असेल, सांग बघू?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज शक्य तितका वर्गातला होता.

"माहीत नाही आजी."

"विचार मग मला."

खडू शांतपणे त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या पलंगाशेजारी काल भरून ठेवलेला पाण्याचा पेला तसाच होता. परवाचाही. बाईंना एकदम कळलं की बुरशीवाली येऊन गेल्यापासून या पोरीनं एकदाही 'का' म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरशीवालीचा फोन आला.

"बाई, काहीच उगवलं नाही. आम्ही सतरा तऱ्हा केल्या. साध्या खाद्यावर मेलं, क्षाराच्या खाद्यावरही मेलं. जिवंत राहिलं ते फक्त तुमच्या चुन्याच्या ढेकळावर. ते वाळू द्या, मरेल. घाई असेल तर सिरक्यानं पुसा. तासाभरात संपेल."

"नक्की?"

"नक्की. आणि पोरीला त्या खोलीत झोपवू नका."

मुलगा त्याच संध्याकाळी यायचा होता. बाईंनी सिरक्याची बाटली घेतली, जुनं फडकं घेतलं, आणि खडूला अंगणात पाठवलं. ती निमूट गेली आणि उन्हात पायरीवर बसली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती.

बाईंनी दर्शक मारलं. भिंत गुलाबी झाली. आकृती पांढरी उभी राहिली, हात अंगालगत, पाय जुळवून, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तशी.

त्यांनी फडकं सिरक्यात भिजवलं आणि खालून सुरुवात केली. डाव्या पायापासून.

चुना फसफसला. राखाडी पाणी ओघळून फरशीवर आलं.

भिंतीतून ठसका आला.

दोन आखूड. एक लांब.

बाईंनी हात थांबवला. खिडकीकडे पाहिलं. खडू पायरीवर तशीच बसली होती. खांदे हलले नव्हते.

त्यांनी फडकं पुन्हा टेकवलं. अगदी हलकं, नखाएवढ्या जागेवर.

दोन आखूड, एक लांब, आणि त्यामागून श्वास आत ओढल्याची बारीक शिट्टी. गुडघ्याच्या उंचीवरून नाही. वरून. जिथं आकृतीचं तोंड असायला हवं तिथून.

बाईंनी फडकं फेकलं.

चुन्याची बादली कोपऱ्यात होती, तळाला थोडा चुना उरला होता. त्यांनी कुंचला शोधला नाही. दोन्ही हातांनी चुना उचलला आणि भिंतीवर थापला, पायावर, गुडघ्यावर, छातीवर. हातांची आग झाली. भिंत प्यायला लागली. बाईंनी गाल टेकवला. ठसके विरळ झाले, मग थांबले.

"झालं, झालं," त्या पुटपुटत होत्या. "झालं, बाळा. आजी आहे."

मागं वळल्या तर दारात खडू उभी होती.

"आजी," ती म्हणाली, "आता भिंतीला चुना नको. वाळू दे तिला."

कितीतरी दिवसांत तिनं आपणहून म्हटलेलं हे पहिलं वाक्य होतं.

बाईंनी हात धुतले. खूप वेळ धुतले. मग पोरीचे कपडे पिशवीत भरले.

मुलगा आला तेव्हा लेक दारातच उभी होती. त्यानं तिला उचललं, छातीला कान लावून श्वास ऐकला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आई, मानलं तुला! आवाज नाही की शिट्टी नाही. जिंकलीस. ठरल्याप्रमाणे राहू दे तिला इथंच."

"नको," बाई म्हणाल्या. "ने तिला."

"अगं, तूच तर एवढा हट्ट धरला होतास. तीन आठवडे माझं डोकं खाल्लंस."

"आता नाही धरत. बापाजवळ वाढू दे."

"आणि तू एकटी काय करणार?"

बाई खाऊचा डबा आणायला आत गेल्या. त्याला सांगितलं असतं तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. एक तर त्यानं त्यांना दवाखान्यात नेलं असतं, नाहीतर घण आणून भिंत फोडली असती. बाईंना यांतलं एकही परवडणार नव्हतं.

त्यांनी खाऊचा डबा पोरीच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला. डबा तिच्या मानानं फार जड होता आणि झाकणाच्या कडेला पांढरं लागलेलं होतं.

"काय दिलंस एवढं?" मुलानं विचारलं.

"तिला लागतं ते." बाई वाकल्या आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. काहीही असलं तरी ती लहान होती. "पुरवून पुरवून घे. आणि त्यांना कुणाला देऊ नकोस. समजलं?"

"हो आजी."

गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बाई पायरीवर उभ्या होत्या. पोरीनं मागं वळून पाहिलं नाही.

रंगारी आता दर सोमवारी दोन पोती चुना दारात टाकून जातो. आत येत नाही. "बाई, घर आहे की भट्टी?" असं लांबूनच विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता निघतो. बाई पहाटे चुना विरवतात, पूर्ण निवू देतात, गाळून घेतात, आणि सकाळी मागच्या भिंतीला एक हात देतात. डाव्या पायाची बोटं अजून भरून आलेली नाहीत, पण टाच आली आहे. बुरशीवालीचे फोन येतात. भिंत पुसली, असं बाई तिला सांगतात.

दुपारी त्या खुर्ची भिंतीसमोर ओढतात आणि शिकवतात. आधी पाढे घेतले. मग पृथ्वी, चंद्र, सावल्या. मग पाणी. बोलायला कुणी नसलं तरी धडा कसा सोपा करत न्यायचा हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. एक गोष्ट सांगायची, थांबायचं, चेहरे बघायचे, पुढं जायचं.

काल त्यांनी विचारलं, "बहुतेक वस्तू गोठल्या की आकसतात आणि आपल्याच द्रवात बुडतात. मग बर्फ पाण्यावर तरंगतो कसा? कोण सांगेल?"

आणि सवयीनं थोड्या थांबल्या.

मग उठून त्यांनी दर्शक मारलं. स्पिरिटचा वास आला, भिंत कडेपासून गुलाबी होत गेली. आकृती पांढरी उमटली. पेन्सिलीची जुनी रेघ दोन्ही हात खाली असलेली होती. आज उजवा हात त्या रेघेच्या बाहेर होता. कोपरातून सरळ, बोटं जुळलेली, वर.

बाईंना इतक्या दिवसांनी हसू फुटलं. डोळे भरून आले. त्यांनी पदरानं ते टिपले, पेन्सिल घेतली आणि नवी रेघ ओढायला सुरुवात केली. मनगट, अंगठा, एकेक बोट, पुन्हा मनगट, कोपर, खांदा.

खांद्याशी पेन्सिल थबकली. रेघ कुठं वळवावी ते त्यांना कळेना.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

वर झालेले हात दोन होते. दोन्ही उजवे.